नागपूरच्या उन्हात घरचं आइस्क्रीम : मशीन फिरतं, मग जमत का नाही?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. मार्चअखेरीला तुम्ही दीड लिटरचं मशीन घेतलंत, भांडं आधी फ्रीझरमध्ये गोठवून वापरायचं तसलं. भांडं रात्रभर फ्रीझरला ठेवलं, सकाळी मिश्रण ओतलं, पण पाऊण तास झाला तरी ते लस्सीच्या पुढे गेलं नाही. "मशीन फिरून राहिलं, पण आतलं काही जमून नाही राहिलं," असं तुम्ही लिहिलंय. तेच डब्यात भरून फ्रीझरला टाकलं तर दुसऱ्या दिवशी दगड, आणि खाताना बर्फाची कचकच. दुसऱ्या खेपेला संत्र्याचं केलं तर दूध फाटलं आणि चव कडवट आली. आता विचारताय की हे मशीन काढून टाकून कॉम्प्रेसरचं, म्हणजे स्वतःच थंडी तयार करणारं, घ्यावं का.

मी नागपुरातच घरगुती आइस्क्रीमच्या ऑर्डरी घेते आणि शिकवतेही. हा प्रश्न दर उन्हाळ्यात माझ्याकडे येतो, आणि बहुतेकांना वाटतं की रेसिपीत काहीतरी गडबड आहे. रेसिपीचा वाटा आहेच, त्यावर पुढे लिहिते. पण तुमच्या तीन तक्रारींपैकी पहिल्या दोन एकाच कारणातून आल्या आहेत : मिश्रणाला पुरेशी थंडी पुरेशा वेगाने मिळाली नाही. तुमच्या मशीनमध्ये थंडी तयार करणारं काहीही नाही. मोटर फक्त फिरवते. जी काही थंडी आहे ती भांड्याच्या दुहेरी भिंतीतल्या द्रावात रात्रभरात साठलेली असते, आणि ती एकदा संपली की संपली. पुण्यात किंवा नाशकात डिसेंबरात ती पुरून उरते. आपल्याकडे एप्रिलात स्वयंपाकघरच ३८-४० अंशांवर असतं, तिथे या साठ्याचा हिशेब काटेकोर ठेवावा लागतो.

तो हिशेब एकदा आकड्यांत बघा. एक ग्रॅम पाणी एक अंशाने थंड करायला १ कॅलरी उष्णता काढावी लागते, पण शून्यावरच्या त्याच पाण्याचा बर्फ करायला ८० कॅलरी. आता ७०० ग्रॅम मिश्रण धरा. मशीनमधून निघताना त्यातलं साधारण निम्मं पाणी गोठलेलं हवं, म्हणजे जवळजवळ २२० ग्रॅम. त्याला लागतात साडेसतरा हजार कॅलरी. आणि हेच मिश्रण ३२ अंशांवर ओतलंत तर ते नुसतं शून्यापर्यंत आणायलाच जवळपास १८ हजार कॅलरी काढाव्या लागतात! म्हणजे भांड्याची निम्मी ताकद गोठवणं सुरू होण्याआधीच खर्च झाली. फ्रिजमधून काढलेलं ४ अंशांचं मिश्रण असेल तर हाच खर्च सव्वादोन हजारांवर येतो. तुम्ही लिहिलंय की मिश्रण "गार करून" ओतलं. नागपुरात मार्चअखेरीला ओट्यावर गार झालेलं म्हणजे तीस-बत्तीस अंशच. माझ्या मते पहिल्या खेपेची बरीचशी गोष्ट इथेच संपते.

म्हणून मिश्रण आदल्या संध्याकाळी करायचं. गॅसवरून उतरवलं की पातेलं पाण्यात ठेवून थंड करायला जाऊ नका, उन्हाळ्यात टाकीचं पाणीच तापलेलं येतं. परातीत बर्फ आणि थोडं पाणी घ्या, त्यात पातेलं ठेवून ढवळत राहा, आणि तासाभराच्या आत फ्रिजमध्ये टाका. दूध-साखरेचं कोमट मिश्रण आपल्या उन्हाळ्यात ओट्यावर पडू देणं चवीपेक्षाही पोटाच्या दृष्टीने वाईट. फ्रिजमध्ये ते रात्रभर राहू द्या. या वेळात दुधातली चरबी घट्ट होते, प्रथिनं आणि घट्टपणासाठी घातलेल्या पावडरी पाणी धरतात, त्यामुळे फिरवताना हवा नीट सामावते. सकाळी ते दाटसर, चमच्याच्या पाठीला धरून राहणारं दिसेल.

आता भांड्याकडे या. इथे मात्र सगळं तुमच्या फ्रिजवर अवलंबून आहे, आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही. दोन दारांच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रिजचा फ्रीझर साधारण उणे १८ ला राहतो. एका दाराच्या फ्रिजमधला वरचा छोटा कप्पा तेवढा खाली जाईलच असं नाही, उन्हाळ्यात तर नाहीच, कारण घरात दर दहा मिनिटांनी कोणीतरी थंड पाण्यासाठी दार उघडतं. भांड्यातला द्राव साध्या पाण्यापेक्षा बराच खालच्या तापमानाला गोठतो, त्यामुळे कप्प्यात बर्फाचे ट्रे जमतात म्हणून भांडंही तयार होईल हे गृहीत धरू नका. साधा फ्रिजचा थर्मामीटर आणा, मटारच्या दोन पाकिटांमध्ये खुपसून ठेवा आणि सकाळी दार उघडताक्षणी आकडा वाचा. उणे १५ च्या खाली नसेल तर फ्रीझरचं बटण सर्वांत थंडवर करा, आतली गर्दी कमी करा, आणि भांड्याला रात्रभर नाही, पूर्ण २४ तास द्या. काढण्याआधी भांडं कानाजवळ धरून हलवा. आत जराही डुचमळण्याचा आवाज आला तर ते तयार नाही. त्या दिवशी मशीन लावूच नका.

मशीन लावायची वेळ पहाटेची किंवा रात्री उशिराची. आमच्याकडे उन्हाळ्यात सकाळी सहाच्या आत पहिला घाणा निघतो. भांडं फ्रीझरमधून काढलं की लगेच मशीनवर चढवा, मोटर आधी सुरू करा आणि मग वरच्या भोकातून मिश्रण ओता. आधी ओतून मग सुरू केलं तर भिंतीवर क्षणात बर्फाचा थर धरतो आणि पातं अडकतं. दीड लिटरच्या भांड्यात ७०० ते ७५० मिलि.च्या वर घालू नका. डब्यावर लिहिलेला आकडा भांड्याच्या मापाचा असतो, मिश्रण फुगायला जागा हवी, आणि मुख्य म्हणजे साठ्यात तेवढीच थंडी असते. घरचे दहा जण जेवायला आहेत म्हणून सव्वा लिटर ओतायचा मोह होतो. त्यापेक्षा दोन दिवस आधी एक घाणा, आदल्या दिवशी दुसरा, असं करा.

आता मोटर फिरत असताना लक्ष कुठे द्यायचं? पहिली पाच-सात मिनिटं काहीच झाल्यासारखं वाटत नाही, फक्त भिंतीलगत एक पांढरी कड दिसते, पातं ती खरवडून मध्ये ढकलतं. दहाव्या-बाराव्या मिनिटाला पातळ मिश्रणाचा छपछप आवाज बंद होतो आणि मोटरचा सूर जड होतो. त्यानंतर पात्याच्या मागे पन्हाळी उमटायला लागते. सुरुवातीला ती लगेच बुजते, मग हळूहळू टिकते. ती पन्हाळी पूर्ण फेरी होऊन पातं परत येईपर्यंत तशीच राहिली की थांबायचं. बहुतेक वेळा याला २० ते २५ मिनिटं लागतात. अर्ध्या तासात ही खूण आली नाही तर पुढे फिरवून उपयोग नाही, कारण आता भांडंच तापायला लागलंय आणि मोटर मिश्रणात उष्णताच घालतेय. तुमच्या पाऊण तासातली शेवटची पंधरा मिनिटं उलट दिशेने गेली.

दगड आणि बर्फाची कचकच याचं कारणही आता लक्षात येईल. पाणी भराभर गोठलं आणि गोठताना सतत खरवडलं गेलं तर असंख्य बारीक स्फटिक तयार होतात, जिभेला ते कळतच नाहीत. तेच पाणी डब्यात, स्थिर, सात-आठ तास रेंगाळत गोठलं तर थोडेच स्फटिक तयार होतात आणि ते मोठे होत जातात. तुमची लस्सी मशीनमध्ये जमलीच नव्हती, म्हणजे जवळजवळ सगळं गोठणं डब्यात झालं. नीट जमलेलं आइस्क्रीमसुद्धा मशीनमधून उणे ५-६ ला, मऊ असं निघतं, आणि उरलेलं पाणी फ्रीझरमध्येच गोठतं. म्हणून डबा उथळ आणि रुंद घ्या, शक्य तर स्टीलचा, आणि तो आधीच फ्रीझरमध्ये ठेवून गार केलेला. वरून प्लास्टिकचा कागद आइस्क्रीमला चिकटवून लावा. डबा फ्रीझरच्या तळाशी, मागे ठेवा. फ्रॉस्ट-फ्री फ्रीझर स्वतःचा बर्फ वितळवण्यासाठी अधूनमधून आतून थोडा तापतो, आणि दाराजवळच्या डब्याला त्याची झळ जास्त बसते. दर वेळी वरचा थर थोडा विरघळून पुन्हा गोठला की स्फटिक वाढतात. लोडशेडिंग किंवा फॉल्ट होऊन तीन-चार तास वीज गेली आणि आइस्क्रीम पूर्ण वितळलं, तर ते परत गोठवू नका. टाकून द्यायला जीवावर येतं, पण द्या.

दगड होण्याला दुसरं कारण तुमच्या प्रश्नातच आहे : "घरात शुगर आहे म्हणून साखर निम्मी केली." साखर इथे फक्त गोडीसाठी नसते. ती पाण्याचा गोठणबिंदू खाली आणते, त्यामुळे उणे १८ लाही काही पाणी न गोठता राहतं आणि चमचा आत जातो. साखर निम्मी केली की तो मऊपणा गेला. साखरेऐवजी वापरतात त्या गोळ्या किंवा थेंब इतके थोडे लागतात की त्यांनी हे काम होत नाही. माझा सल्ला, साखर पुरती घाला आणि वाटी लहान द्या. ज्यांना साखर चालतच नाही त्यांच्यासाठी दुसरा गोड पदार्थ करा.

आणि बाजारच्या आइस्क्रीमशी मऊपणाची बरोबरी करू नका. कारखान्यात त्यात भरपूर हवा भरतात. आपल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार आइस्क्रीमचं वजन लिटरला किमान ५२५ ग्रॅम असावं लागतं, म्हणजे डब्यातली जवळजवळ निम्मी जागा हवेची असू शकते. घरच्या मशीनमध्ये २०-३० टक्के हवा शिरली तरी खूप. त्यामुळे घरचं आइस्क्रीम जड आणि दाट असतं. वाढायच्या आधी अर्धा तास डबा फ्रीझरमधून काढून खालच्या फ्रिजमध्ये ठेवा. टेबलावर ठेवलात तर आपल्या उन्हाळ्यात कडा वितळतात आणि मध्य दगडच राहतो.

मिश्रणाचं माझं रोजचं प्रमाण देते. फुल क्रीम दूध ४०० मिलि. (६ टक्के चरबीचं), पाकिटातलं २५ टक्क्यांचं क्रीम २०० मिलि., साखर ९० ग्रॅम, लिक्विड ग्लुकोज २५ ग्रॅम, बिनसायीच्या दुधाची पावडर ३० ग्रॅम, जीएमएस (चरबी आणि पाणी एकजीव ठेवणारी पावडर) एक सपाट चमचा, सीएमसी (घट्टपणा देणारी पावडर) पाव चमचा, चिमूटभर मीठ. यात चरबी साधारण १० टक्के येते, आणि आपल्याकडे 'आइस्क्रीम' म्हणून विकायला दुधाची चरबी एवढीच किमान लागते. म्हणजे हे प्रमाण कंजूस नाही आणि तोंडात तुपकट थर ठेवणारंही नाही. दुधाची पावडर विसरू नका. ती पाणी धरते आणि अंग देते, घरच्या रेसिप्यांत तीच बहुधा गायब असते. सीएमसी कोरड्या साखरेत मिसळूनच घाला, थेट दुधात टाकली की गुठळ्या होतात. क्रीम सोडून बाकी सगळं ८० अंशांपर्यंत, म्हणजे कडेला बुडबुडे येऊन वाफ उठेपर्यंत तापवा. जीएमएस मेणासारखी असते, उष्णतेशिवाय विरघळत नाही. मग गाळा, क्रीम घाला, बर्फाच्या परातीत ठेवा. जीएमएस-सीएमसी आपल्या इतवारी बाजारात सहज मिळतात, हल्ली मोठ्या किराणा दुकानांतही असतात. नसतील तर एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर शिजवून घाला. पोत थोडा खिरीकडे झुकतो, पण चालतं. म्हशीचं घरपोच दूध घेत असाल तर क्रीम थोडं कमी करा.

तुम्ही मशीनमध्ये क्रीम आणि कंडेन्स्ड मिल्कचं मिश्रण घातल्याचं लिहिलंय, ते मशीनशिवायच्या आइस्क्रीमसाठी आहे. त्यात क्रीम फेटून हवा आधीच भरलेली असते. ते मशीनमध्ये घातलं तर पातं क्रीमचं लोणी काढायला लागतं. ती रेसिपी वेगळी, मशीनची वेगळी.

आता संत्रं. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, कारण नागपूरचं संत्रं आइस्क्रीममध्ये नीट उतरलेलं फार कमी वेळा खायला मिळतं, आणि दोष फळाला दिला जातो. आपल्या संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हिवाळ्यात अंबिया बहार आणि फेब्रुवारी-मार्चात मृग बहार, असं ते दोनदा येतं, आणि आइस्क्रीमसाठी मी मृगाचं निवडते, गोडी आणि आंबटपणा दोन्ही ठसठशीत असतात. पण त्याच्या रसाचा एक स्वभाव आहे. बियांमध्ये आणि फोडींच्या पांढऱ्या पापुद्र्यात एक द्रव्य असतं, ते फळात असताना कडू नसतं. रस काढला की आंबटपणामुळे त्याचं हळूहळू लिमोनिन होतं, आणि ते कडू असतं. रस तापवला तर हे फार लवकर होतं. तुम्ही फोडी मिक्सरला लावल्या, बिया भरडल्या गेल्या, आणि वर रस आटवला. कडवटपणा येणारच होता. दूध फाटलं ते गरम दुधात आंबट रस गेल्यामुळे.

यावर मी करते ते असं : दुधाच्या आइस्क्रीममध्ये रस घालतच नाही. रसात जवळजवळ नव्वद टक्के पाणी असतं. एवढी मेहनत घेऊन पाणी कमी ठेवायचं आणि मग पेलाभर ओतायचं, हे जुळत नाही. संत्र्याचा खरा वास सालीतल्या तेलात असतो. तीन-चार फळं कोमट पाण्याने चोळून धुवा, फक्त केशरी थर बारीक किसणीने किसा, पांढरा भाग नको. तो कीस साखरेत बोटांनी चोळा. साखर ओलसर होते, रंग धरते आणि घरभर वास सुटतो. ही साखर दुधात घालून तापवा, पाव तास झाकून ठेवा आणि गाळा. सालीत आम्ल नसल्यासारखंच असतं, दूध फाटत नाही. शेवटच्या दोन मिनिटांत, आइस्क्रीम जमत आल्यावर, संत्रा बर्फीचे बारीक तुकडे घाला. बर्फीत साखर भरपूर असल्याने ती गोठून कडक होत नाही, मऊच लागते. ताज्या फोडी घालू नका, त्या दाताखाली बर्फाचे खडे होतात.

रसाचंच हवं असेल तर दूध सोडा आणि सॉर्बे, म्हणजे फिरवून गोठवलेला गोड रस, करा. तो मला दुधाच्या आइस्क्रीमपेक्षाही आवडतो. फोडी हाताने पिळा किंवा चाळणीवर हलकेच दाबा, बिया फुटू देऊ नका. ५०० ग्रॅम ताजा, गाळलेला, न तापवलेला रस, ११० ग्रॅम पिठीसाखर, एका लिंबाचा रस, चिमूटभर मीठ. फळाची स्वतःची साखर धरून हे एकूण २५-२६ टक्क्यांवर येतं आणि नेमकं चमच्याला लागेल इतकं मऊ राहतं. रस आधीच फ्रिजमध्ये गार केलेल्या फळांचा काढा, म्हणजे काढल्यापासून तासाभरात मशीनमध्ये जाईल. दुसऱ्या दिवशीसाठी रस ठेवला तर कडूपणा वाढलेला असेल. हाच नियम पावसाळ्यानंतर सीताफळालाही लावा. त्याचा गर तापवला की कडवट होतो, म्हणून तो थंड मिश्रणात, अगदी शेवटी. आंब्याला ही भीती नाही.

राहिला मशीन बदलण्याचा प्रश्न. कॉम्प्रेसरच्या मशीनमध्ये भांडं आधी गोठवावं लागत नाही आणि एकामागून एक घाणे काढता येतात. मी ऑर्डरींसाठी तेच वापरते. पण ते कित्येक पटींनी महाग, जड, आणि ओट्यावर कायमची जागा अडवणारं. शिवाय ४२ अंशांच्या स्वयंपाकघरात त्याच्याही जाळीतून उष्णता बाहेर पडायला झगडते. त्याला भिंतीपासून वीतभर लांब, एसी किंवा कूलरच्या खोलीत ठेवावं लागतं, आणि हलवलं की काही तास उभं ठेवूनच सुरू करायचं. आठवड्याला दोन-तीनदा करणार असाल किंवा विकायचा विचार असेल तर घ्या. महिन्यातून एक-दोनदा घरच्यांसाठी करायचं असेल तर आहे ते मशीन पुरेसं आहे, आणि भांडं चांगलं गोठलं तर दोन्हींतून निघालेल्या आइस्क्रीममध्ये फरक ओळखणं कठीण.

तुमचा फ्रिज एका दाराचा निघाला तर मात्र तिसरा मार्ग जास्त सोपा पडेल : बर्फ-मिठाचा पॉट. ही रचना जुनी आणि भक्कम आहे. अमेरिकेत नॅन्सी जॉन्सन या बाईंनी हाताने फिरवायच्या पॉटचं पेटंट १८४३ मध्ये घेतलं, आणि आपल्याकडच्या लग्नांतले लाकडी बादलीचे पॉट त्याच पद्धतीचे. बर्फात मीठ घातलं की बर्फ शून्याच्या खालीच वितळायला लागतो आणि वितळण्यासाठी लागणारी उष्णता आजूबाजूने ओढून घेतो. वजनाने तीन-चार भाग बर्फाला एक भाग जाडं मीठ धरलं तर तापमान उणे १५ च्याही खाली जाऊ शकतं. बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून बारीक फोडा, मोठे तुकडे राहिले तर भांड्याला नीट लागत नाहीत. थरावर थर बर्फ आणि मीठ द्या, खारं पाणी आतल्या भांड्याच्या झाकणाखालीच राहील याकडे लक्ष ठेवा, आणि बर्फ उतरला की पुन्हा भरा. इथे थंडीचा साठा तुम्हाला मध्येच वाढवता येतो, म्हणून घरात पंचवीस माणसं असताना मीही पॉटच काढते. आता मोटरचे पॉटही मिळतात.

तूर्त काही विकत घेऊ नका. आधी थर्मामीटरचा आकडा आणि फ्रिज एका दाराचा की दोन, एवढं कळवा. उणे १५ च्या खाली असेल तर भांडं २४ तास गोठवून, वरच्या प्रमाणाचं साधं व्हॅनिला पहाटे लावून बघा. पहिल्या खेपेला संत्रं नको, फळ मध्ये आलं की दोष थंडीचा की फळाचा हे कळत नाही.